गडाच्या किल्ल्या

१७०७ साल सरत आले होते. साताऱ्याच्या किल्ल्याला शाहू महाराजांच्या फौजेचा वेढा पडला होता आणि वर परशुरामपंत प्रतिनिधी तट धरून बसले होते. सातच वर्षांपूर्वी याच किल्ल्याने खुद्द औरंगजेबाला साडेचार महिने पायथ्याशी खोळंबवून ठेवले होते. त्या वेळी प्रयागजी प्रभूंनी गड झुंजवला. मोगलांनी लावलेला सुरुंग त्यांच्यावरच उलटला आणि सुमारे दोन हजार माणसे ढासळलेल्या तटाखाली गाडली गेली. बादशाही तोफखान्याला ज्याने इतके दमवले, तो गड शाहूंच्या नव्याने जमलेल्या सैन्याने लढून घ्यावा, हे अवघडच होते.

गड लढून घ्यावा लागलाच नाही. किल्ल्याचा हवालदार होता शेख मिरा आणि त्याची बायकामुले वाईला होती. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवल्याप्रमाणे शाहूंनी ती ताब्यात घेतली आणि गड खाली केला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप वर धाडला. शेख मिराने पंतांना गड सोडण्याची गळ घातली. पंत बधेनात. तेव्हा त्याने पंतांनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

शेख मिराला फितूर म्हणायचे की नाही? परक्या शत्रूला गड दिला असता तर उत्तर सोपे होते. पण खाली उभा होता तो संभाजी महाराजांचा मुलगा, शिवछत्रपतींचा नातू. वर ज्यांच्या नावाने गड राखला जात होता, ते राजाराम महाराजांचे पुत्र, तेही शिवछत्रपतींचे नातू. दोन्हीकडे छत्रपतींची मुद्रा होती. अशा वेळी गडाच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, हे राजधानीतून ठरत नाही, ते त्या किल्ल्या बाळगणारा माणूस ठरवतो. १७०७ पासून पुढे चोवीस वर्षे चाललेल्या मराठ्यांच्या यादवीत किल्ल्यांची कथा ही मुख्यतः त्या माणसांची कथा आहे. ती आपल्याकडे फार थोडी सांगितली गेली. गडांचे कौतुक करताना आपण अफझलखानाच्या आणि औरंगजेबाच्या काळात रमतो आणि आपसातल्या भांडणाची पाने भराभर उलटतो. ती पाने वाचल्याशिवाय हे गड कसे चालत होते आणि कशाने पडत होते, ते पुरते समजत नाही.

भांडणाचे मूळ रायगडावर आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह कैद झाले. पुढची अठरा वर्षे त्यांनी बादशाही छावणीत काढली. इकडे राजाराम महाराजांचे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, यांनी पंचविशीत राज्याचा भार उचलला. आपल्या मुलाला, धाकट्या शिवाजीला, गादीवर बसवून सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब भिंगारजवळ मरण पावला. दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या मुलाने, आज्जमशहाने, वाटेत मे महिन्यात शाहूंना सोडून दिले. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या. त्या परत आल्या १७१९ मध्ये. शाहूंना सोडण्यामागचा हेतू उघड होता. मराठ्यांना दोन राजे मिळाले की ते आपसात लढत राहतील. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले, सरदारांकडून शपथा घेतल्या आणि फौज पाठवली. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडजवळ गाठ पडली, पण लढाई होण्याआधीच तिचा निकाल लागला होता. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत मागे हटले आणि साताऱ्याच्या गडावर गेले.

मैदानातली बाजू अशी एका दिवसात फिरली. गडांचे तसे नव्हते. सह्याद्रीच्या रांगांत आणि कोकण किनाऱ्यावर शेकडो गड होते. एकट्या शिवछत्रपतींच्या गडांचा सभासद बखरीतला आकडाच दोनशे चाळीसच्या घरात जातो. प्रत्येक गडाला आपला हवालदार, आपली शिबंदी, आपला दाणागोटा आणि गडाखालच्या गावांतून येणारा वसूल होता. सेनापती शाहूंकडे गेले म्हणून गड आपोआप गेले नाहीत. एकेका गडाकडे एकेकदा जावे लागले, एकेका किल्लेदाराशी बोलावे लागले.

शिवछत्रपतींनी गडांची व्यवस्था लावली ती फितुरी होऊ नये म्हणूनच. सभासद सांगतो की गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अधिकारी असत आणि ते वेगवेगळ्या जातींचे असत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, तटाची गस्त सरनोबताकडे. कोठाराचे काम पाहणारा कारखानीस आणखी वेगळा. एकाच्या मनात आले तरी गड देता येऊ नये, असा तो बंदोबस्त होता. तो विजापूर आणि दिल्लीविरुद्ध फार चांगला चालला. मात्र त्यात एक गृहीत होते, की धनी एकच आहे. धनी दोन झाले, तेव्हा ती व्यवस्था कोणालाच अडवू शकली नाही.

शिवाय मधल्या काळात गडकऱ्यांना दुसरीच सवय लागली होती. १६९९ पासून १७०५ पर्यंत औरंगजेब स्वतः एकेक गड घेत फिरला: वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यांपैकी तटावर चढून, लढून घेतलेला एकच, तोरणा. बाकीचे बहुतेक महिनोन्‌महिने झुंजून शेवटी बोलणी करून आणि पैसा घेऊन सोडले गेले. विशाळगड १७०२ च्या जूनमध्ये दोन लाख रुपयांना खाली झाला आणि ती बोलणी याच परशुरामपंतांनी केली होती. याला नुसती लाच म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळा तोंडावर येईपर्यंत शत्रूला डोंगराखाली सडवायचे, मग पैसा घेऊन शिबंदी सुखरूप बाहेर काढायची, आणि बादशहा पुढे सरकला की तोच गड पुन्हा घ्यायचा, असा तो डाव होता. तो सफलही झाला. विशाळगडाहून परतताना पावसाने मोगल फौजेची जी दैना केली, ती त्यांच्याच तवारिखांत लिहिलेली आहे. आणि बादशहाच्या हयातीतच सिंहगड, राजगड, सातारा, पन्हाळा यांसारखे गड मराठ्यांनी माघारी घेतले. पण या डावाची एक किंमत होती. गड सोडता येतो, त्याचा मोबदला मिळतो आणि अब्रूही राहते, हे एका अख्ख्या पिढीच्या मनावर ठसले. यादवी सुरू झाली ती या पिढीच्या हातून.

मावळातल्या गडांवर पकड होती शंकराजी नारायण सचिवांची. राजगड, तोरणा, रोहिडा या पट्ट्यात बादशहाशी चिवटपणे लढून त्यांनी गड परत मिळवले होते. ताराबाईंना त्यांनी शपथ दिली होती. खेडनंतर शाहूंनी त्यांना भेटीला बोलावले. सचिव कात्रीत सापडले. शपथ मोडावी तर इमान जाते, न मोडावी तर थोरल्या घराण्याच्या वारसावर शस्त्र धरावे लागते. त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. भोरजवळ आंबवडे येथे त्यांची समाधी आहे. शाहूंनी त्यांच्या अल्पवयीन मुलाला, नारो शंकरांना, सचिवपदाची वस्त्रे दिली आणि त्या घराण्याकडचे मावळातले गड बाण न सुटता शाहूंच्या बाजूला आले. गड पडताना रक्त सांडले नाही, असे लिहिताना या एका मृत्यूची नोंद विसरता येत नाही. या सबंध यादवीत निष्ठा इतक्या गंभीरपणे घेतलेला दुसरा माणूस सापडणे कठीण.

१७०८ मध्ये शाहू दक्षिणेकडे वळले. वसंतगड, पन्हाळा, विशाळगड एकामागून एक हाती आले. ताराबाई मुलाला घेऊन रांगण्याला गेल्या. रांगणा म्हणजे आजच्या भुदरगड तालुक्याच्या टोकाला, खाली कोकण दिसणारा, जंगलात बुडालेला गड. शाहूंनी त्याला वेढा घातला, पण रामचंद्रपंत अमात्यांनी तो राखला आणि पावसाळा आला. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या त्या पावसात वेढा चालवणे कोणालाच जमणारे नव्हते. रांगणा पडला असता तर यादवी बहुधा त्याच वर्षी मिटली असती. तो राहिला, म्हणून ताराबाई राहिल्या. पुढे सावंतवाडीच्या फोंड सावंतांची मदत घेऊन त्यांनी पन्हाळा परत मिळवला आणि १७१० मध्ये तिथून स्वतंत्र कारभार सुरू केला. कोल्हापूरच्या गादीचा आरंभ तो हाच.

पन्हाळ्याला राजधानी करण्यामागे नुसता तट नव्हता. सात किलोमीटरांच्या आसपास घेर असलेला तो गड म्हणजे एक गावच आहे. गंगा, यमुना, सरस्वती या नावांची अंबारखान्याची कोठारे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. शिबंदी, दरबार, दप्तर आणि राजघराणे एका तटात ठेवून खाली कोल्हापूरच्या सुपीक मुलखाचा वसूल घेता येईल, अशी ही जागा होती. राजा कुठल्या गडावर बसतो, यावरून खालच्या पाटलाने सारा कोणाला द्यायचा हे ठरे. दोन गाद्यांमधल्या पट्ट्यात तो कधी एकाला, कधी दोघांनाही द्यावा लागे. त्या गावांनी या यादवीची किंमत सर्वांत जास्त मोजली आणि त्यांची नावे कुठल्याच बखरीत आली नाहीत.

गड आणि माणूस यांच्या नात्याचा सर्वांत बोलका प्रसंग १७११ चा आहे. धनाजी जाधवांच्या मागे त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले होते. वसुलाचा हिशेब पाहणाऱ्या बाळाजी विश्वनाथांशी त्यांचे मुळीच पटत नव्हते. शिकारीच्या एका भांडणाचे निमित्त झाले आणि बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले. बरोबर मुले होती, बाजीराव आणि चिमाजी. ते सासवडला आले आणि पुरंदरावर आसरा मागितला. पुरंदर सचिवांचा, म्हणजे शाहूंच्याच पक्षाचा. तरीही सचिवांच्या अंमलदाराने दरवाजा उघडला नाही. सेनापतीच्या रोषापुढे एका कारकुनाला आत घेण्याचे धाडस त्याला झाले नाही. मागावर जाधवांचे स्वार होते. पिलाजी जाधव आणि धुमाळ या दोन शिलेदारांनी बाळाजींना लपतछपत वाईसमोरच्या पांडवगडाशी आणले. तिथे त्यांना आत घेतले गेले.

चंद्रसेन यांनी शाहूंकडे मागणी केली, की बाळाजीला माझ्या हवाली करा, नाहीतर मी चाकरी सोडतो. शाहूंनी नकार दिला आणि हैबतराव निंबाळकरांना पाठवले. देऊरजवळ चंद्रसेन हरले, पन्हाळ्याला ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाकडे. पांडवगड हा तसा किरकोळ गड. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. पण त्या दिवशी त्याचाही दरवाजा पुरंदरासारखाच बंद राहिला असता, तर पुढचे पेशवेपद, बाजीरावांच्या उत्तरेकडच्या स्वाऱ्या, चिमाजी अप्पांची वसई, यांतले काय घडले असते हे कोणी सांगावे?

मोठे गड दोन गाद्यांत वाटले गेले, तेव्हा मधल्या मोकळ्या पट्टीत गढ्यांनी डोके वर काढले. खटावला कृष्णराव खटावकर मोगलांच्या पाठिंब्याने राजा म्हणवून घेत होते. बत्तीस शिराळ्याच्या गढीतून उदाजी चव्हाण आसपासचा मुलूख लुटत होते. शेवटी शाहूंना शिराळा-कराडकडची चौथाई त्यांना द्यावी लागली. आणि हिंगणगावच्या गढीत दमाजी थोरात बसले होते. गढी म्हणजे मातीचा तट, चार बुरूज, आत एक वाडा आणि विहीर. परक्या फौजेपुढे ती आठवडाभरही टिकली नसती. पण दोन्ही राजे एकमेकांत गुंतले असताना हीच गढी वर्षानुवर्षे टिकली.

दमाजींनी बाळाजी विश्वनाथांना बोलणी करण्यासाठी बोलावले. बेलभंडाराची शपथ दिली. ते आत येताच त्यांना कुटुंबासह कैद केले. शपथेची आठवण करून दिल्यावर बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडारा म्हणजे रोज खाण्यातली हळद, असे उत्तर दमाजींनी दिल्याची गोष्ट डफच्या इतिहासात आहे. राखेचा तोबरा तोंडाला बांधण्यापर्यंत छळ झाला. शाहूंनी खंडणी भरून सुटका करवली. मग दमाजींवर सचिव चालून गेले, तर तेही पकडले गेले. पुढे बाळाजींनी सचिवांची सुटका साधली आणि त्या उपकाराखातर सचिवांच्या आईने पुण्याकडचे आपले हक्क आणि पुरंदर किल्ला बाळाजींना दिला. कुटुंबाला संकटात आसरा असावा, हेच त्या देणगीचे कारण सांगितले आहे. ज्या गडाने काही वर्षांपूर्वी दार लावून घेतले होते, तोच गड असा पेशव्यांच्या घराचा झाला. १७१८ मध्ये हिंगणगावची गढी घेऊन जमीनदोस्त करण्यात आली.

समुद्राकडची बाजू वेगळी होती. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग कान्होजी आंग्रे यांच्या हातात होते आणि ते ताराबाईंच्या पक्षाचे होते. १७१३ मध्ये ते घाट चढून वर आले. लोहगड आणि राजमाची त्यांनी घेतली आणि सामन्याला आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. हे दोन गड बोरघाटाच्या तोंडाशी आहेत. ते हाती असणे म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधले जकातीचे नाके आणि फौजेची वाट हाती असणे. आंग्रे आता साताऱ्यावर येणार, अशी आवई उठली. शाहूंजवळ ना आरमार होते, ना एवढे गड घेण्याइतका वेळ.

१७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि पहिले काम हेच आले. ते मूळचे श्रीवर्धनचे. आंग्र्यांचा मुलूख आणि माणसे त्यांच्या परिचयाची होती. लढाई न करता त्यांनी करार केला. आंग्र्यांनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा, बहिरोपंतांना मोकळे करावे, राजमाचीखेरीज जिंकलेले गड परत द्यावेत. मोबदल्यात खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड यांच्यासह दहा किल्ले आणि सोळा दुय्यम ठिकाणे त्यांच्याकडे कायम झाली, शिवाय सरखेल हा किताब मिळाला. यातले बरेच किल्ले आंग्र्यांच्याच ताब्यात होते. म्हणजे शाहूंनी जे दिले ते आधीच त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी दिली ती मान्यता. किल्लेदाराला हवी असते तीच, आपला ताबा चोरीचा नाही हे सांगणारी सनद. यादवीतली सर्वांत मोठी मुसंडी अशी एका कागदाने थांबली. पण त्याच कागदाने किनारपट्टीवर जवळजवळ स्वतंत्र असे एक राज्य मान्य केले. चाळीसएक वर्षांनी, १७५६ मध्ये, पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. त्याची बीजे या करारात पाहणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज खोडता येत नाही.

दरम्यान पन्हाळ्यावर घरातूनच उठाव झाला. १७१४ मध्ये राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांनी ताराबाईंना मुलासह कैद केले आणि आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजींना, गादीवर बसवले. बाहेरच्या फौजेला जे करता आले नाही, ते तटाच्या आतल्या माणसांनी केले. ज्या गडाने ताराबाईंना राज्य दिले, तोच त्यांचा तुरुंग झाला.

या नव्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. त्यातले दुर्गांचे प्रकरण आज गडप्रेमी मोठ्या आवडीने वाचतात. ते बहुधा शिवकाळाचे वर्णन म्हणून वाचले जाते आणि त्यात शिवकाळाचा अनुभव आहेच. पण लिहिणारा माणूस नुकताच रांगण्याचा वेढा आणि पन्हाळ्याचा उठाव पाहून बसला होता, हे लक्षात ठेवून वाचले तर त्याच ओळी वेगळे बोलू लागतात. गडाला एकच दरवाजा असू नये, चोरवाटा असाव्यात. पाणी पाहूनच गड बांधावा आणि एका टाक्यावर विसंबू नये. दारूचे कोठार घरांपासून लांब असावे. ही झाली बांधकामाची कलमे. अमात्यांचा खरा घोर मात्र माणसांबद्दल आहे. हवालदाराची तीन वर्षांनी बदली करावी, सरनोबताची चार, सबनीस-कारखानिसांची पाच वर्षांनी. कोणाही माणसाची मुळे एका गडात रुजू देऊ नयेत. अमात्यांच्या डोळ्यांसमोर गडावर चढणारा मोगल जितका होता, तितकाच गडावर पिढीजात होऊन बसणारा आपला माणूस होता.

तसे घडलेच. परशुरामपंतांच्या घराचे उदाहरण घ्या. त्यांचे पुत्र श्रीपतराव खटावच्या लढाईत शाहूंकडून पराक्रमाने लढले. त्यामुळे कैदेतल्या वडिलांची सुटका झाली आणि प्रतिनिधिपद घराण्यात परत आले. दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरकडे गेले आणि विशाळगडाचे प्रतिनिधी झाले. एक भाऊ साताऱ्याचा, एक कोल्हापूरचा. ही घराणी दोन्हीकडे पाय ठेवून जगली. तिकडे शेख मिरांना वाईकडे जहागीर मिळाली आणि ती इतकी टिकली की १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या ज्या मोजक्या जहागीरदारांशी वेगळे करार केले, त्यांत वाईचे शेख मिरे होते.

यादवी कागदावर संपली ती १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने. आदल्या वर्षी शाहूंच्या फौजेने संभाजींच्या छावणीवर छापा घातला होता. ताराबाई आणि राजसबाई दोघीही हाती आल्या होत्या. राजसबाईंना परत पाठवण्यात आले. ताराबाईंनी साताऱ्यास राहणे पत्करले. वारणा नदी हद्द ठरली. दक्षिणेकडचे गड आणि ठाणी कोल्हापूरला. कोपळचा किल्ला संभाजींना द्यायचा आणि त्याच्या बदल्यात रत्नागिरी शाहूंनी घ्यायची. वडगावचे ठाणे पाडून टाकायचे. दोन चुलतभावांनी आजोबांनी उभे केलेले गड एकेक नाव घेऊन असे वाटून घेतले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. पन्हाळा, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यांत आहेत. सातारा, रांगणा, पुरंदर नाहीत. या यादवीच्या खुणा मात्र दोन्हीकडे आहेत आणि गडावर लावलेल्या माहितीफलकांवर त्यांना चार ओळींची जागा मिळायला हवी. पन्हाळ्याच्या फलकावर शिवा काशिद आणि बाजीप्रभू असावेतच. त्यांच्याबरोबर १७१४ चा उठावही असावा.

ताराबाईंचा शेवटचा डावही गडावरचाच होता. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे छत्रपती झाले, पण सत्ता पेशवे बाळाजी बाजीराव यांच्याकडे गेली. पेशवे निजामावरच्या मोहिमेत असताना, २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या निमित्ताने ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि तिथेच कैदेत टाकले. किल्ल्याच्या तोफांची तोंडे त्यांनी खालच्या शहराकडे वळवली, असे डफ लिहितो. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीला गुजरातेतून आले आणि पेशव्यांच्या हाती सापडले. गडाचा हवालदार आनंदराव जाधव याने हा हट्ट पुरे असे मनात आणून राजांना सोडवण्याची खटपट केली. ती उघडकीस आली आणि ताराबाईंनी त्याचा शिरच्छेद करवला. किल्लेदार फिरला की काय होते, हे त्या ४३ वर्षांपूर्वी याच गडाच्या बाबतीत शिकल्या होत्या.

पेशव्यांजवळ आता मोठी फौज होती, तोफा होत्या. तरी त्यांनी गडावर हल्ला केला नाही. ज्या गडात छत्रपती आहेत, त्यावर तोफ डागणारा पेशवा लोकांच्या नजरेतून उतरला असता. १७५२ च्या सप्टेंबरात जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या. रामराजे आपला नातू नव्हेत, हे ताराबाईंनी तिथे सांगितले. पेशव्यांनी त्यांना साताऱ्याचा गड आणि राजे दोन्ही ठेवू दिले आणि डिसेंबर १७६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले.

पुरंदराची पाळी अजून यायची होती. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादा गादीवर आले, तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना जानेवारी १७७४ मध्ये पुरंदरावर नेले. सचिवांच्या आईने ज्या कामासाठी गड दिला होता, नेमके तेच काम त्याला आले. १८ एप्रिलला तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे गडावर आली. राघोबादादांनी इंग्रजांकडे धाव घेतली. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले. वसई म्हणजे त्यांचे काका चिमाजी अप्पा यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून हजारो माणसे गमावून घेतलेला किल्ला. साष्टीतला ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी तहाची वाट न पाहता डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. सात वर्षे लढाई चालली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली. साष्टी आणि ठाणे इंग्रजांकडेच राहिले.